ऑप-ॲम्पचं आउटपुट एका टोकाला चिकटून बसलंय? चिप फेकायच्या आधी हे बघा

माझ्याकडे एक छोटी डबी होती, तिच्यावर मार्करने "मेलेल्या" असं लिहिलेलं. शिकायला लागलो तेव्हा ज्या ऑप-ॲम्पचं (छोटा सिग्नल मोठा करणारी चिप) आउटपुट अडकून बसायचं ती चिप उपटायची, डबीत टाकायची, नवीन लावायची, ती पण अडकायची, मग ती पण डबीत. बऱ्याच वर्षांनी एका रिकाम्या दुपारी बसून सगळ्या तपासल्या तर अकरापैकी नऊ ठणठणीत निघाल्या. म्हणजे नऊ वेळा चूक माझी आणि शिक्षा चिपला.

तेव्हापासून हा एकच फॉल्ट मी स्वतःच्या आणि दुसऱ्यांच्या ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता सर्किट जोडायचा भोकांचा बोर्ड) इतक्यांदा काढलाय की आता हात आपोआप त्याच क्रमाने चालतात. तो क्रम लिहून ठेवतोय. सोप्यापासून अवघडाकडे, फुकटापासून खर्चाकडे. कृपया मधूनच उडी मारून शेवटच्या टेस्टला जाऊ नका, कारण सगळ्यात जास्त फॉल्ट पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सापडतात आणि ते सापडल्यावर थोडी लाज पण वाटते.

लक्षणं काय असतात

– इनपुटला काहीही द्या, आउटपुट एकाच व्होल्टेजला ढिम्म. ९ व्होल्टच्या बॅटरीवर एलएम३५८ (एकाच चिपमध्ये दोन ऑप-ॲम्प) असेल तर साधारण साडेसात-पावणेआठ, नाहीतर जवळपास शून्य.

– चालू केल्यावर दहा-वीस सेकंद छान चालतं, मग हळूहळू सरकत जाऊन एका टोकाला बसतं.

– सिग्नलचा अर्धाच भाग येतो, वरचा नाहीतर खालचा भाग सपाट कापलेला. आवाज ऐकत असाल तर फाटका, खरखरीत येतो.

– आउटपुटला बोट लावलं किंवा वायर हलवली की क्षणभर जिवंत होतं आणि परत मरतं.

– चिप गरम लागते. हे लक्षण दिसलं की आधी सप्लाय काढा, मग पुढचं वाचा.

बोलायला सोपं जावं म्हणून एकच सर्किट डोळ्यासमोर ठेवूया, जे जवळजवळ प्रत्येक जण शिकताना बनवतो: इलेक्ट्रेट माइकचा प्रीॲम्प. ९ व्होल्टची बॅटरी, एलएम३५८, दहा किलोओहमच्या दोन रेझिस्टरने सप्लायचा अर्धा म्हणजे साडेचार व्होल्ट काढलेला, तो १०० किलोओहममधून प्लस इनपुटला, माइकचा सिग्नल कपॅसिटरमधून त्याच पिनला. फीडबॅकला, म्हणजे आउटपुटपासून परत मायनस इनपुटला, १०० किलोओहम, मायनस इनपुटपासून खाली १ किलोओहम. गेन, म्हणजे सिग्नल किती पट होतो तो आकडा, १०१. तुमचं सर्किट वेगळं असेल तरी तपासायची रीत हीच.

आधी नुसतं बघा

मीटर बाजूला ठेवा. चिपवरची खाच किंवा ठिपका कुठल्या बाजूला आहे? खाच वर धरली तर डावीकडची सगळ्यात वरची पिन १ नंबर, तिथून खाली मोजत जायचं आणि उजवीकडून वर यायचं. आठ पिनची चिप उलटी बसली की ४ आणि ८ ची अदलाबदल होते, म्हणजे एलएम३५८ ला सरळसरळ उलटा सप्लाय मिळतो. चिप तापते, आणि जास्त वेळ राहिली तर खरंच मरते. हा एक असा प्रकार आहे ज्यात डबी खरी ठरते.

मग चिपवरचं नाव वाचा. मोबाइलचा कॅमेरा झूम करून, तिरप्या उजेडात, नीट वाचा. एलएम३५८ आणि एलएम३९३ दोन्ही आठ पिनच्या, पिनांची रचना अगदी तीच, पण ३९३ हा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची नुसती तुलना करणारी चिप) आहे. त्याचं आउटपुट फक्त खाली ओढू शकतं, वर ढकलू शकत नाही, वरती रेझिस्टर नसेल तर ते कधीच वर जाणार नाही. तुम्ही तासभर फीडबॅक शोधत बसाल आणि चिपच वेगळी. एलएम३८६ चं पण असंच, नाव सारखं वाटतं म्हणून लोक ऑप-ॲम्प समजून लावतात, पण तो तयार ऑडिओ ॲम्प आहे, आतच फीडबॅक आहे आणि सप्लायची पिन ८ नाही, ६ आहे. ७४१ मध्ये एकच ऑप-ॲम्प, प्लस सप्लाय ७ नंबरला आणि आउटपुट ६ ला. ३५८ चं ड्रॉइंग बघून ७४१ लावलं की सगळंच चुकतं, आणि हे होतं, हसू नका.

सप्लाय चिपच्या पायावर मोजा, रेलवर नाही

आता मीटर. डीसी व्होल्टवर ठेवा, काळा प्रोब थेट चिपच्या ४ नंबर पिनला, लाल ८ ला. पिनलाच. ब्रेडबोर्डच्या लाल पट्टीला नाही, बॅटरीच्या क्लिपला नाही.

का ते सांगतो. लांब ब्रेडबोर्डपैकी बऱ्याच बोर्डांची बाजूची पॉवरची पट्टी मधोमध तुटलेली असते, आतली धातूची पट्टीच दोन तुकड्यांत असते. बाहेरची लाल रेघ कधीकधी तिथे खंडित दाखवतात, कधी सरळ छापून टाकतात. माझ्या दोन संध्याकाळी यात गेल्यात. सप्लाय एका टोकाला, चिप दुसऱ्या टोकाला, मी बॅटरीला मीटर लावून "नऊ येतायत की" म्हणत होतो. चिपला काहीच पोचत नव्हतं, आणि तरी आउटपुटला काहीतरी एक-दीड व्होल्ट दिसत होते कारण इनपुटच्या पिनांमधून आत करंट शिरत होता. अर्धमेली चिप जशी वागेल तशीच ती वागते, म्हणून फसायला होतं.

ग्राउंडचं पण तसंच. सिग्नल दुसऱ्या यंत्रातून आणत असाल तर त्याचं ग्राउंड आणि तुमच्या सर्किटचं ग्राउंड जोडलंय का? एकाच वायरवरून सिग्नल येत नाही, परतीची वाट लागते.

बॅटरी सर्किट चालू असताना मोजा. दमलेली ९ व्होल्टची बॅटरी मोकळी असताना साडेआठ दाखवते आणि लोड लागला की सहावर येते.

प्लस-मायनस इनपुटची अदलाबदल

फीडबॅकचा रेझिस्टर आउटपुटपासून *मायनस* इनपुटला गेला पाहिजे. तो चुकून प्लसला गेला की सर्किट ॲम्प्लिफायर राहतच नाही, स्विच होतं: आउटपुट जिकडे झुकेल तिकडे स्वतःलाच आणखी ढकलतं आणि टोकाला जाऊन बसतं. म्हणजे अगदी आपलं लक्षण.

ही चूक आळशीपणातून होत नाही हे मुद्दाम सांगतो. ड्रॉइंग काढणारे कधी मायनस वर काढतात, कधी प्लस वर काढतात, रेघा कमी ओलांडाव्यात म्हणून जे सोयीचं पडेल ते. आपण मागच्या आठवड्यात बघितलेलं चित्र डोक्यात ठेवून "वरची पिन म्हणजे मायनस" असं धरून चालतो. तर चित्राचा आकार विसरा, पिनचा नंबर बघा. ३५८ च्या पहिल्या अर्ध्यात १ आउटपुट, २ मायनस, ३ प्लस. दुसऱ्या अर्ध्यात ७ आउटपुट, ६ मायनस, ५ प्लस. मी अजूनही चिपशेजारी कागदाचा कपटा चिकटवतो.

दोन्ही इनपुट मोजा, इथे खरं उत्तर असतं

सगळ्या पोस्टमधला एकच भाग लक्षात ठेवायचा असेल तर हा.

ऑप-ॲम्प आत काय करतो? प्लस आणि मायनस इनपुटमधला फरक घेतो आणि त्याला लाखाच्या घरातल्या आकड्याने गुणतो. एक मिलिव्होल्टचा फरक गुणिले एक लाख म्हणजे शंभर व्होल्ट. सप्लाय तर नऊचाच आहे, मग तो आपला टोकाला जाऊन बसतो. म्हणजे टोकाला चिकटलेलं आउटपुट हे बिघाडाचं लक्षण असेलच असं नाही, चिप तुमचीच आज्ञा पाळत असते. प्रश्न एवढाच की आज्ञा पाळतीये की नाही.

ते कळायला दोन मोजमापं पुरतात. काळा प्रोब ग्राउंडला, लाल आधी प्लस इनपुटच्या पिनला, मग मायनसच्या.

आउटपुट वर चिकटलंय आणि प्लस इनपुट मायनसपेक्षा जास्त आहे: चिप बरोबर वागतीये. तिला सोडा. मायनस इनपुट वर का येत नाही ते शोधा, म्हणजे फीडबॅकची वाट तुटलीये किंवा तुम्ही तिच्याकडे सप्लायपेक्षा जास्त व्होल्टेज मागताय.

आउटपुट खाली चिकटलंय आणि मायनस जास्त आहे: तेच, उलट बाजूने. चिप बरोबर.

आउटपुट वर आहे पण मायनस जास्त आहे, किंवा आउटपुट खाली आणि प्लस जास्त: आता चिप ऐकत नाहीये. सप्लाय पोचत नसेल, इनपुट तिच्या हद्दीबाहेर असेल, आउटपुट कुठेतरी शॉर्ट असेल, ती ऑसिलेट करत असेल (आउटपुट स्वतःच वेगाने वर-खाली होत असेल) किंवा मग खरंच गेली असेल.

माझी भाची इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला असताना हाच माइक प्रीॲम्प घेऊन आली होती. "मामा, चिप गेली. तिसरी." म्हटलं मोज. आउटपुट ७.६२. प्लस इनपुट ४.४. मायनस इनपुट ०.०७. म्हटलं आता ७.६२ भागिले १०१ कर. तिने मोबाइलवर केलं, ०.०७५ आलं. जरा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, "म्हणजे फीडबॅक चालूच आहे?" चालूच होता. रेझिस्टर बरोबर, जोडणी बरोबर, चिप बरोबर. चूक डिझाइनमध्ये होती, ती खाली सांगतो, कारण डिझाइनच्या चुकांमध्ये ही सगळ्यात जास्त वेळा सापडते.

एक सावधगिरी: साधारण डिजिटल मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० मेगाओहमच्या आसपास असतो. तुमच्या बायसचा (इनपुटला ठरलेलं डीसी व्होल्टेज देणारा) रेझिस्टर १ मेगाओहम असेल तर मीटर लावल्या लावल्या साडेचारचे ४.१ होतात. रीडिंग खोटं नाही, पण मीटर लावल्यावरचं आहे. आणि मीटर लावला की सर्किट चालू लागतं, काढला की बंद, असं झालं तर तो फार मोठा सुगावा आहे, खाली "इनपुटला डीसीची वाट आहे का" मध्ये बघा.

रेझिस्टर

सप्लाय काढा, रेझिस्टरचा एक पाय बोर्डातून उपसा, मग मोजा. बोर्डात असताना मोजलं तर समांतर असलेल्या सगळ्याचं मिळून रीडिंग येतं. तपकिरी-काळा-लाल म्हणजे १ किलोओहम, तपकिरी-काळा-पिवळा म्हणजे १०० किलोओहम, पण निळसर अंगाच्या पाच पट्ट्यांच्या रेझिस्टरवर पिवळ्या बल्बखाली लाल, नारिंगी, तपकिरी सगळं एकच दिसतं. मी रंग वाचणं सोडून दिलंय, प्रत्येक रेझिस्टर लावायच्या आधी मीटरवर टाकतो.

आणि एक रांग चुकणं. १०० किलोओहमचा पाय मायनस पिनच्या शेजारच्या रांगेत गेला की फीडबॅक नाहीच. कंटिन्यूटी मोडमध्ये एक प्रोब चिपच्या पिनवर, दुसरा रेझिस्टरच्या पायावर, बीप आला पाहिजे. जुन्या बोर्डात आतली क्लिप सैल पडलेली असते, जाड पायाचा डायोड वगैरे घुसवलेला असतो आधी कोणीतरी, मग बारीक पायाला ती पकडत नाही. बीप येतोय-जातोय वाटलं तर रांगच बदला.

इनपुटला डीसीची वाट आहे का

"दहा-वीस सेकंद चालतं मग चिकटतं" याचं उत्तर बहुतेक इथे असतं.

पुस्तकात वाचतो की ऑप-ॲम्पच्या इनपुटमध्ये करंट जात नाही. थोडासा जातो. एलएम३५८ ला काही दहा नॅनोअँपिअर, आणि त्याच्या आतली रचना अशी आहे की हा करंट पिनमधून *बाहेर* येतो. आता तुम्ही दुहेरी सप्लाय (ग्राउंडच्या वर प्लस आणि खाली मायनस) वापरताय आणि प्लस इनपुटला फक्त कपॅसिटर लावलाय, दुसरं काही नाही. कपॅसिटर डीसी अडवतो. तो करंट जाणार कुठे? कपॅसिटर चार्ज करत बसतो. ४५ नॅनोअँपिअर धरा आणि १ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे सेकंदाला ४५ मिलिव्होल्ट. गेन १० असेल तर आउटपुट सेकंदाला जवळपास अर्धा व्होल्ट वर सरकतं आणि पंधरा-सतरा सेकंदांत टोकाला. मीटर लावून बघा, डोळ्यासमोर आकडा चढताना दिसतो, मला तर बघायला मजा येते.

उपाय एक रेझिस्टर. प्लस इनपुटपासून ग्राउंडला (एकच सप्लाय असेल तर त्या अर्ध्या व्होल्टेजला) १०० किलोओहम. झालं. मीटर लावला की चालतं आणि काढला की बंद, ते पण यामुळेच: मीटर स्वतःच तो रेझिस्टर बनलेला असतो.

डीसीला किती गेन देताय

आता भाचीची चूक. प्लस इनपुटला साडेचार व्होल्टचा बायस आहे, कशासाठी, तर सिग्नलला वर-खाली दोन्हीकडे जागा मिळावी म्हणून. पण ॲम्प्लिफायरला काय माहीत की हे साडेचार म्हणजे बैठक आणि त्यावरचे पाच मिलिव्होल्ट म्हणजे आवाज? तो दोन्हीला १०१ ने गुणतो. साडेचार गुणिले १०१ म्हणजे ४५४ व्होल्ट. नऊच्या बॅटरीवर. तो बिचारा जाईल तेवढा वर जातो आणि तिथे बसतो.

हे ड्रॉइंग असं चुकतं कारण बहुतेकांनी आधी ±१५ व्होल्टचं दुहेरी सप्लायवालं सर्किट शिकलेलं असतं. तिथे बैठक शून्य व्होल्टची, आणि शून्य गुणिले १०१ शून्यच. तेच सर्किट एका बॅटरीवर आणताना प्लस इनपुटची बैठक उचलतो पण त्या १ किलोओहमचं खालचं टोक ग्राउंडलाच राहतं.

उपाय: १ किलोओहम आणि ग्राउंडच्या मध्ये एक कपॅसिटर. डीसीला तो उघडा, म्हणून डीसी गेन १, आउटपुट साडेचारवर शांत बसतं. आवाजाला तो बंद वायरसारखा, म्हणून आवाजाला गेन १०१. १० मायक्रोफॅरड घेतला तर १ किलोओहमबरोबर १६ हर्ट्झच्या आसपास कट येतो (त्याखालचं कमी होत जातं), माणसाच्या बोलण्याला भरपूर पुरेसा. इलेक्ट्रोलायटिक असेल तर प्लसची बाजू ऑप-ॲम्पकडे, कारण तिकडे साडेचार व्होल्ट आहेत.

इथे आणखी एक गंमत आहे जिच्यात मी स्वतः अडकलोय. एकदा जास्त बेस हवा म्हणून १० च्या जागी १०० मायक्रोफॅरड लावला. चालू केलं, आउटपुट वर चिकटलेलं. बंद केलं, जोडण्या बघितल्या, चालू केलं, चिकटलेलं. अर्धा तास. शेवटी फोन आला म्हणून उठलो, परत आलो तर सर्किट मस्त चालत होतं. झालं असं की तो कपॅसिटर १०० किलोओहममधून साडेचार व्होल्टपर्यंत चार्ज होईतो आउटपुट वरच बसणार, आणि त्याला नऊ-दहा सेकंद लागतात. मी दर वेळी सहा-सात सेकंदांत हार मानून स्विच बंद करत होतो. १० मायक्रोफॅरडला हेच एका सेकंदात होतं. तेव्हा चालू केल्यावर आधी जरा थांबा, शांतपणे वीसपर्यंत मोजा.

फार मोठा डीसी गेन असेल तर दुहेरी सप्लायवर पण हे होतं. एलएम३५८ च्या दोन इनपुटमध्ये जन्मजात दोन ते सात मिलिव्होल्टचा फरक असू शकतो. गेन १००० ठेवला की तेच दोन ते सात व्होल्ट होऊन आउटपुटला बसतात, सिग्नल न देता.

चिपच्या हद्दी

प्रत्येक ऑप-ॲम्प सप्लायच्या टोकापर्यंत जात नाही. ३५८ खाली ग्राउंडच्या जवळपास पोचतो पण वर सप्लायच्या दीडेक व्होल्ट आधीच थांबतो. ५ व्होल्टवर चालवला तर साडेतीनच्या वर विसरा, म्हणजे बैठक अडीचवर ठेवली तर वर एकच व्होल्ट जागा आणि खाली अडीच, म्हणून वरचा भाग आधी कापला जातो. अशा वेळी बैठक थोडी खाली, पावणेदोनच्या आसपास आणा, विनाखर्च दुरुस्ती.

७४१ बद्दल. ती चिप १९६८ सालची, ±१५ व्होल्टसाठी बनवलेली, इनपुट आणि आउटपुट दोन्हीला दोन्ही टोकांपासून दोनेक व्होल्ट अंतर हवं. ५ व्होल्टवर तिच्याकडे खेळायला जागाच उरत नाही. अजून अभ्यासक्रमात आहे म्हणून सगळ्यांकडे असते, पण बॅटरीवरच्या सर्किटसाठी मी ती कोणाला सुचवणार नाही.

टीएल०७२ ची तऱ्हा निराळी. आवाजाला छान, पण इनपुट मायनस सप्लायच्या फार जवळ गेलं की आउटपुट एकदम *उलट्या* टोकाला उडी मारतं. वरच्या दोन इनपुटच्या टेस्टमध्ये "चिप ऐकत नाहीये" आलं आणि चिप ०७२ असेल तर आधी हेच बघा. एकाच सप्लायवर इनपुट ग्राउंडला टेकवलं की हमखास.

आउटपुटवर काय लटकवलंय

पुढचं सगळं सोडवून बघा. स्पीकर थेट लावला असेल तर तो ८ ओहमचा आहे, ऑप-ॲम्पच्या ताकदीबाहेरचा. आउटपुट मोकळं केल्यावर व्होल्टेज जागेवर आलं तर फॉल्ट पुढे आहे, मागे नाही.

चिप जिवंत आहे का: एका वायरची टेस्ट

इथपर्यंत काही सापडलं नाही तरच ही. चिप बोर्डाच्या रिकाम्या भागात हलवा. ४ ला ग्राउंड, ८ ला सप्लाय, १ आणि २ मध्ये एक छोटी वायर, ३ नंबरला दोन दहा-किलोओहमच्या मधला साडेचार व्होल्ट. बाकी काही नाही. १ नंबरला साडेचार आला पाहिजे, पाच-सात मिलिव्होल्ट इकडे-तिकडे. आला तर चिप जिवंत, फॉल्ट तुमच्या सर्किटमध्ये, वर जा. नाही आला तर दुसरा अर्धा भाग तसाच तपासा (७ आणि ६ मध्ये वायर, ५ ला व्होल्टेज), कारण कधीकधी एक भाग जातो आणि दुसरा नीट असतो. दोन्ही नाही चालले तर डबीत.

ऑसिलेशन

सगळ्यात शेवटी हे, कारण मीटरने नीट दिसत नाही. आउटपुटचं डीसी रीडिंग विचित्र, काहीतरी मधलंच, हात जवळ नेला की बदलतं, चिप कोमट. आउटपुट आतून लाखो हर्ट्झवर वर-खाली होत असतं आणि मीटर बिचारा सरासरी दाखवतो. पहिला उपाय, १०४ लिहिलेला सिरॅमिक कपॅसिटर चिपच्या सप्लाय आणि ग्राउंड पिनांना अगदी चिकटून, लांब वायरने नाही. बॅटरीपासून चिपपर्यंतची वायर या वेगाला छोटी कॉइल असते, चिपला झटक्यात करंट हवा असतो तेव्हा तो शेजारच्या कपॅसिटरने पुरवायचा. आउटपुटला लांब केबल असेल तर मध्ये १०० ओहम टाका. मायनस इनपुटकडच्या वायरी आखूड करा. आणि एलएम३५८ चा दुसरा भाग वापरत नसाल तर तो पण मोकळा सोडू नका, ७ आणि ६ जोडा आणि ५ ला ते अर्धं व्होल्टेज द्या.

कुठे थांबायचं

नवीन चिप, नवीन बोर्ड, एका वायरची टेस्ट पास, १०४ लावलेला, आणि तरी सर्किट अडकतंय: आता ऑसिलोस्कोप लागणार. ज्याच्याकडे आहे, ज्याला वापरता येतो त्याच्याकडे जा, कॉलेजची लॅब असो किंवा ओळखीचा टेक्निशियन. जाताना आठही पिनांची व्होल्टेज एका कागदावर लिहून न्या, "चालत नाही" एवढ्यावर कोणीच काही सांगू शकत नाही.

आणि ही दुसरी रेघ पक्की. तुमचं सर्किट बॅटरीवर किंवा बंद डब्याच्या तयार अडॅप्टरवर चालतंय तोपर्यंत वरचं सगळं निर्धास्त करा. पण फॉल्ट शोधता शोधता भिंतीच्या प्लगकडची बाजू उघडावी लागत असेल, म्हणजे अडॅप्टरच्या आत, जुन्या ॲम्प्लिफायरच्या सप्लायमध्ये, ट्रान्सफॉर्मरच्या पहिल्या बाजूला, तर तिथे हात घालू नका, दुरुस्तीवाल्याला बोलवा. २३० व्होल्टचा एसी रेक्टिफाय झाला की कपॅसिटरवर ३२५ व्होल्ट डीसी बसतो आणि प्लग काढल्यावरही काही वेळ तसाच राहू शकतो. ऑसिलोस्कोपची ग्राउंड क्लिप अशा बाजूला लावली तर ती थेट अर्थला शॉर्ट होते. जळका वास, फुगलेला कपॅसिटर, फुगलेली लिथियम बॅटरी दिसली तरी तेच: सप्लाय बंद, हात बाजूला, आणि "जरा एकदा चालू करून बघतो" हे अजिबात नाही.

भाचीच्या सर्किटला तो दहा मायक्रोफॅरड लावल्यावर १ नंबर पिनला ४.४१ आला. तिच्या तिन्ही "गेलेल्या" चिप त्याच बोर्डावर एकामागोमाग एक लावून बघितल्या, तिन्ही चालल्या.